भरलेल्या शिंपल्या

१२ जानेवारी, रविवार

पोचले एकदाची! सकाळी वडगावातून निघताना आप्पांनी माग बंद केला नाही. त्या खडखडाटातच त्यांनी मोठ्यांदा काहीतरी आशीर्वाद दिला. तो ऐकू आला नाही, तोंडाच्या हालचालीवरून कळला. आई मात्र बसस्टँडपर्यंत आली आणि खिडकीतून शेंगाचटणीची बरणी आत देताना कंडक्टरशी भांडली. संकेश्वर सुटलं तसं वाटायला लागलं, की झालं, आता मी नोकरीवाली. निपाणीत उतरल्यावर पहिला आला तो तंबाखूचा वास. नाकात नाही, घशातच बसतो तो. मला सलग शिंका आल्या आणि घ्यायला आलेले राजकुमारसाहेब खो खो हसले.

साहेब मूळचे चिकोडीचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, पांढरा शर्ट, बोलताना मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच वाक्यात. आधी तंबाखूचा व्यापार होता, आता मोत्यांचं वेड. स्वतः जीप चालवत आणलं आणि वाटेत उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला हॉर्न मारला.

केंद्र म्हणजे वेदगंगेच्या वळणावरची एक जुनी दगडाची खाण. खाणीत पाणी साठून तळं झालंय. तळ्याच्या काठावर पत्र्याची लांब शेड, शेडमध्ये सिमेंटच्या टाक्या आणि एका टोकाला माझी प्रयोगशाळा. माझी! सूक्ष्मदर्शक अजून खोक्यातच आहे, पण चांगला आहे. मागे राहायची खोली. खिडकीतून नदी दिसते.

स्वयंपाकाला बायाक्का आहे. साठीची, काटक, कमी बोलणारी. तिच्या हातची ज्वारीची भाकरी खाल्ली आणि आईची आठवण काढायची विसरून गेले. पंप आणि राखण बघायला तम्मण्णा. त्याने माझी ट्रंक एका हाताने उचलली. पंजे एवढे मोठे, की ट्रंकेची कडी त्यात दिसेनाशी झाली.

झोप येतेय. छान वाटतंय.

१५ जानेवारी, बुधवार

तीन दिवस नुसती टाक्यांशी ओळख करून घेतेय. नदीतल्या जंगली शिंपल्या इथे आणून ठेवल्यात, तळहाताएवढ्या, काळपट हिरव्या. गोड्या पाण्यातल्या या शिंपल्यांचं बीज टाकीत तयार करायचं, लहान शिंपल्या वाढवायच्या आणि मग त्यांच्यात मोती धरवायचा, असा साहेबांचा बेत आहे. नदीतल्या आता संपत आल्यात. पूर्वी या डोहात पाय टाकला तरी तळव्याला लागायच्या म्हणे. डोहाचं नावच शिंपल्यांचा डोह.

जेवताना बायाक्काने विचारलं, की तुम्ही दिवसभर त्या शिंपल्यात बघता तरी काय. मी तिला खुशीत सगळं सांगितलं. शिंपली वरून बघून नर की मादी ते कळत नाही. नर आपलं बीज पाण्यात सोडून देतो. मादी श्वासाबरोबर ते आत ओढून घेते. तिची अंडी असतात तिच्या कल्ल्यांत, म्हणजे ज्याने श्वास घ्यायचा त्यातच ती पोरं वाढवते. श्वास घ्यायला जागा उरत नाही एवढी पोरं. कल्ले फुगून दुधाळ दिसायला लागले, की ती मादी भरलेली समजायची.

पण पुढचं सगळ्यात भारी. अंड्यातून निघालेल्या अळीला एकटीला जगता येत नाही. मोहरीपेक्षा लहान असते. दोन झाकणं, त्यांच्या कडेला दात, मधे एक ताणलेला स्नायू. आई तिला पाण्यात सोडते आणि अळी उघड्या जबड्याने वाट बघत बसते. मासा घासून गेला, की खटकन मिटायचं. माशाची कातडी तिच्यावर चढते, ती आत झाकली जाते. दोन-तीन आठवडे त्याच्या अंगावर वाढून पुरती शिंपली झाली, की कातडी फोडून खाली पडते.

बायाक्का म्हणाली, माशाला दुखत असंल. मी म्हटलं, फारसं नाही. ती भाकरी उलटत राहिली.

२१ जानेवारी, मंगळवार

आज साहेबांबरोबर डोहावर गेले. पाणी एवढं नितळ, की तळाचे खडक मोजता यावेत, आणि तरी मधल्या भागाचा तळ दिसत नाही. थंडी अंगाला छान झोंबत होती.

मी विचारलं, या शिंपल्या कुणी काढल्या. साहेब म्हणाले, गेल्या मार्चपर्यंत मालुबाई म्हणून एक होती, बायाक्काची पोरगी. बुडी मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वरच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले, पाणी एकदम आलं, आणि ती वर आलीच नाही. मी नको म्हणत होतो, तीच ऐकेना, असं म्हणाले. त्यांनी पाण्याकडे पाठ केली. मला वाईट वाटलं, त्यांच्यासाठीही.

तम्मण्णा आमच्याबरोबर आला नाही. पंपाच्या खोलीपासून पुढे डोहाकडे तो कधीच येत नाही.

बायाक्का इथे राहून रोज याच नदीचं पाणी भरते. मी असते तर कधीच निघून गेले असते.

३ फेब्रुवारी, सोमवार

काम अडलंय. माद्या भरल्यात, अळ्या पक्व झाल्यात, सूक्ष्मदर्शकाखाली मिठाचा कण टाकला की सटासट मिटतात. पण माशावर बसत नाहीत. रोहू, कटला, चिलापी, मरळ, सगळे सोडून बघितले. अळी चिकटते, तासाभरात गळून पडते आणि मरते. प्रत्येक जातीच्या शिंपलीला तिचा ठरलेला मासा लागतो. यांचा मासा कुठला ते काही कळेना.

साहेबांनी आज पहिल्यांदा आवाज चढवला. मार्चमध्ये बेंगळूरहून मोठी माणसं बघायला यायचीत, तोवर टाकीत लहान शिंपल्या दिसल्या पाहिजेत. मी मान डोलावली. मलाही त्या बघायच्याच आहेत. या जातीची शिंपली टाकीत वाढवून दाखवणारी मी पहिली असेन, हे डोक्यातून जात नाही.

एक विचित्र गोष्ट. टाकीच्या तळाला वाळू आहे, शिंपली सरकली की मागे चर उमटतो. रोज सकाळी हे चर वाकडेतिकडे असायचे. गेले चार दिवस सगळे एकाच बाजूला जातात. सगळ्या शिंपल्या पंपाच्या खोलीकडच्या भिंतीला येऊन टेकलेल्या असतात. तिथून पाणी येतं, प्रवाहाकडे जात असतील.

९ फेब्रुवारी, रविवार

आज झालं! भर दुपारी, ऊन पत्र्यावर तापलेलं असताना, मोठ्या टाकीचं पाणी एकाएकी दुधाळ झालं. सगळ्या माद्यांनी एकदम अळ्या सोडल्या. अळ्यांचे सुतासारखे पांढरे तंतू पाण्यात तरंगायला लागले, आप्पांच्या मागावरचा ताणा सुटावा तसे. मी आनंदाने ओरडले.

तेवढ्यात पाणी बाहेर जायची जाळी तंतूंनी तुंबली आणि ते काठावरून सांडायला लागलं. मी तम्मण्णाला हाक मारली. तो आला, टाकीत बघितलं आणि थबकला. मी पुन्हा ओरडले, की जाळी साफ कर, सगळं वाहून जाईल. त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. मीही घातले. आम्ही दोघांनी मिळून जाळी मोकळी केली.

हात बाहेर काढले तेव्हा माझ्या हातावर काही नव्हतं, नुसतं पाणी ठिबकत होतं. त्याच्या पंज्यांना मात्र ते तंतू असे गुंडाळले होते, जसे काही हातमोजेच. तो पँटला पुसत राहिला, निघेनात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कसं लिहू. ही भीती आहे की दुसरं काही, मलाच सांगता येत नाही.

तम्मण्णा दोन दिवस कामावर आला नाही. आज मीच त्याच्या खोलीवर गेले. तो हात बगलेत दाबून बसला होता. दाखव म्हटलं, तर दाखवेना. शेवटी दाखवले. दोन्ही तळवे तांदळाच्या कण्या पेरल्यासारखे. कातडीखाली पांढरे दाणे, एकाला एक लागून. बोटांच्या पेरांत, अंगठ्याच्या मुळाशी. हाताच्या पाठीवर एकही नाही, मनगटाच्या वर एकही नाही. फक्त तिथे, जिथे मूठ आवळताना दोर टेकेल.

सुईने एक दाणा सोडवून भिंगाखाली धरला. आत आमची अळी होती. जिवंत. मासा नको होता तिला. माणूस हवा होता.

असं होत नाही. माणसाच्या गरम अंगावर ही अळी टिकूच शकत नाही, मी स्वतः शिकलेय. पण टिकलीय आणि वाढतेय.

तम्मण्णा बोलायला लागला तो थांबेना. "म्याडम, ह्याच हातांनी," म्हणाला. "दोन दोर हुते. एक तिच्या कमरंला, एक शिंपल्यांच्या पोत्याला. पाणी आलं तवा आम्ही काठावर दोघंच वडायला, मी आन् मालक. मालक वरडला, आदी पोतं वडा! पोत्यात भरलेल्या माद्या हाईत, त्या परत गावायच्या न्हाईत. मी वडलं. पोतं आलं वर. मग तिचा दोर धरला तर तो हलका लागला."

मी विचारलं, पोलिसांना का नाही सांगितलंस. तो म्हणाला, मालकानं घर बांधून दिलं.

माझ्या टाकीतल्या शिंपल्या म्हणजे ते पोतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना तम्मण्णाचे हात दाखवले. दोराची गोष्ट मला माहीत आहे, हे बोलले नाही. ते आधी मागे सरकले, मग म्हणाले, दवाखान्यात न्यायचं नाही. निपाणीत बातमी फुटली तर मोत्यांचं नाव कोण काढेल. चारेक दिवस थांबू, आपोआप बरं होईल.

मी म्हणाले, माशावरून गळतात तशा या गळून पडतील बहुतेक.

मी म्हणाले हे. तम्मण्णाला बेळगावला न्यायला पाहिजे, हे मला कळत होतं. पण गळून पडतील तेव्हा त्या पुरत्या वाढलेल्या शिंपल्या असतील. ते बघितल्याशिवाय कशी जाऊ?

त्याला म्हटलं, थोडे दिवस कळ काढ. तो व्हय म्हणाला. माझ्यावर त्याचा विश्वास आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी बायाक्का भांडी टाकून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. आजवर ती शेडमध्ये कधी आली नव्हती. टाकीत वाकून बघितलं आणि विचारलं, ह्यातली भरलेली कुठली.

मी सगळ्यात मोठी दाखवली. एकदा अळ्या सोडूनही ती पुन्हा भरलीय, एवढ्या लवकर ते शक्य नाही, तरी भरलीय. बायाक्काने पाण्यात हात घातला आणि तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. शिंपलीला हात लागला की ती मिटते. ही मिटली नाही.

"माझी बी भरलेलीच हुती," बायाक्का म्हणाली. "आनखी सव्वा महिना भरला की बाळंत झाली असती. मालकाला ठाव हुतं. एवढी एक बुडी मार, म्हणाला, मग बस घरात."

मग तीच म्हणाली, की माझा तुझ्यावर राग न्हाय. आज संध्याकाळच्या गाडीनं घरला जा. "हातानं केलं त्याच्या हातात आलं. तोंडानं केलं त्याच्या तोंडात येनार. तुझं ह्यात काय न्हाय पोरी. तू जा."

तिचा चेहरा अगदी शांत होता. भाकरी थापताना असतो तसा.

मी बॅग काढली. दोन साड्या भरल्या. मग तम्मण्णाचे तळवे आठवले. या आठवड्यात दाण्यांना रंग चढायला लागलाय, काळपट हिरवा. बॅग पुन्हा खाटेखाली ढकलली.

आणि खरं सांगायचं तर राजकुमारचं तोंडही मला बघायचं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बघितलं.

सकाळी अकराला तो आला, तम्मण्णावर ओरडत. पंप बंद का, टाक्यांना शेवाळ का. तम्मण्णा तळवे छातीशी धरून उभा. ओरडता ओरडताच त्याने मोठ्या टाकीतून ती शिंपली उचलली, तीच, आणि माझ्यासमोर नाचवत म्हणाला, की हिला पोसायला पगार देतो काय मी.

पाण्याबाहेर काढली की शिंपली आतलं पाणी पिचकारीसारखं सोडते. हिने सोडलं. सरळ त्याच्या उघड्या तोंडात.

तो थुंकला, खोकला, मग हसला. मीही हसले. मला पुढे येऊन सांगता आलं असतं, की लगेच गुळण्या करा, मिठाच्या पाण्याने, आत्ताच. मिठाने अळी मरते. मीठ माझ्या टेबलावरच होतं.

स्वयंपाकघराच्या दारात बायाक्का उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

त्याचा आवाज बसलाय. फोनवर माणसांना सांगतो, तंबाखूच्या धुळीने. आज मला एकटीला बोलावून जीभ बाहेर काढून दाखवली. जिभेवर, टाळूला, आत जिथवर उजेड पोचतो तिथवर पांढरे दाणे. डोळ्यांत पाणी होतं. बेळगावला मोठ्या दवाखान्यात जाऊ का, असं त्याने खुणेने विचारलं.

मी म्हटलं, गळून पडतात साहेब. चारेक दिवस थांबू.

त्याचेच शब्द होते. ते बोलताना मला गोड वाटलं. मालुबाई, बघतेस ना?

२६ फेब्रुवारी, बुधवार

तम्मण्णाचे हात उघडले.

सकाळी नऊच्या सुमाराला तो ओरडत आला. मी परात पुढे केली. कातडी ठिकठिकाणी फाटली, रक्त नाही, आणि आतून एक एक शिंपली परातीत पडली. टप्, टप्. तिळाएवढ्या, पुरत्या, हिरव्या, चकाकत्या. परातीत पाणी घालताच त्यांनी पाय बाहेर काढले आणि चालायला लागल्या. मी रडले. एवढं सुंदर मी आयुष्यात काही बघितलं नाही.

तम्मण्णा तळवे वर करून उभा होता. चाळणीसारखे. त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. तो म्हणाला, म्याडम, आग हुतीया, पान्यात बुडवून येतो.

तो डोहाकडे निघाला. पंपाच्या पुढे, जिथे तो कधी जात नव्हता. मला खिडकीतून दिसलं. गुडघ्यापर्यंत पाण्यात, मग कमरेपर्यंत. मी म्हटलं, गार वाटत असेल बिचाऱ्याला. आणि परातीकडे वळले. भिंग लावलं.

मान वर केली तेव्हा काठावर नुसत्या त्याच्या चपला होत्या.

२८ फेब्रुवारी

होडीवाल्यांनी डोह धुंडाळला. सापडला नाही. पंचनामा झाला. मी सांगितलं, पाय घसरला असेल.

लहान शिंपल्या छान आहेत. वेगळ्या टाकीत ठेवल्यात. चर काढत फिरतात. सगळ्या एकाच बाजूला. या वेळी पंपाकडे नाही, ऑफिसकडे. राजकुमार तिथे पडून असतो.

मोठी मादी बघायला वाकले होते, पुन्हा भरलीय का ते. अगदी जवळ गेले. तिने हलकंसं तोंड उघडलं आणि मिटलं. चेहऱ्यावर चार थेंब उडाले. पुसले.

आप्पांचा फोन. ये म्हणाले, चार दिवस राहून जा. म्हटलं, काम संपलं की येते.

२ मार्च, रविवार

त्याचं तोंड मिटत नाही. आत एवढं भरलंय.

सकाळी उन्हात खुर्ची टाकून बसला होता. मला बघताच जीपची किल्ली पुढे केली. चालव, ने मला. हात जोडले. मी किल्ली घेतली. पन्नास पावलांवर जीप होती —

आज गळतील, म्हटलं. आजच. थांबा.

थांबले मी. त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले.

गळल्या. पण बाहेर नाही. आत. खाली, श्वासात. तो निळा पडायला लागला. पाय झाडले. एकदा माझा पदर धरला, मी तो सोडवून घेतला. त्या डोहात तिलाही असंच झालं असेल, हे मनात म्हणत राहिले. पोटात बाळ असताना. असंच. असंच.

मग तो हलायचा थांबला. तोंडातून थोडं पाणी आलं. त्याबरोबर त्या. मी परात आणायला उठले —

परात आणायला. देवा.

३ मार्च

त्याची माणसं येऊन घेऊन गेली. घशात गाठ होती म्हणाले. बायाक्का दारात उभी राहून बघत होती. रडली नाही, हसली नाही. नंतर चूल पेटवली.

मला वाटलं आता संपलं. मी तिला तसं म्हटलंही, की झाला न्याय. आपण दोघींनी —

"आपन दोगी?" एवढंच म्हणाली.

काल रात्रीपासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. जागरणाने असेल.

४ मार्च

पाण्याने धुतले. मिठाच्या पाण्यानेही. आग आग झाली. उशीर झाला असेल तर मीठ काही करत नाही. कातडी वर चढली, की —

नाही. मी तर काही केलंच नाही.

लहान टाकीतले चर बघितले. ऑफिसकडे नाहीत आता. माझ्या खोलीकडे. सगळ्या भिंतीला टेकून —

बसने जाईन. उद्या पहिल्या बसने. आईला सांगितलं फोनवर. ती म्हणाली, आवाज असा का येतोय गं.

५ मार्च

उठवत नाही. उजेड सहन होत नाही. आरसा डोळ्यांशी धरून बघितलं. पापणी उलटून. आतल्या बाजूला दाणे. पांढरे. ओळीने. दुसऱ्या डोळ्यातही. बुबुळाच्या कडेने —

एक बुबुळावर —

तम्मण्णाच्या हातावर सतरा दिवस लागले. माझे किती —

बायाक्काला हाक मारली. आली. खाटेशी बसली. हात धरला माझा, गार हात. म्हटलं, मला घरी ने. मला आप्पांकडे ने. मी काय केलं गं? मी दोर ओढला नाही. मी ओरडले नाही. मी मालुबाईला बघितलंसुद्धा नाही कधी.

ती म्हणाली, "जा म्हनलं हुतं तुला."

मग म्हणाली, "माझी मालू बुडाली तवा काठावर लई मानसं हुती. धुनं धुनाऱ्या, म्हसरं घेऊन आलेली. कुनी वडलं न्हाय, कुनी वरडलं न्हाय. त्यांच्यातलं बी एक एक जनं आंधळं व्हायला लागलंय गावात. तुला कुनी सांगितलं न्हाय?"

हात सोडून गेली. चुलीचा वास येतोय.

कागद दिसत नाही. ओळीवर ओळ जात असेल. हिरवं हिरवं दिसतंय सगळं, पाण्याच्या आतून बघावं तसं. पापणीत काहीतरी हलतंय. पाय काढतंय —

मालुबाई, ऐक. मी तुझ्या बाजूने होते. खरंच होते. मी काही केलं नाही गं, मी नुसती बघत हो